पेटी वाशीला पोचली, आता?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं, की नवं पुस्तक खपवायला लेखकाने प्रकाशकाला काय मदत केली ते कुणी तरी कळवा. कळवलं कुणीच नाही. उलट प्रश्नच आले, सतरा. त्यातले नऊ घेतलेत, बाकीच्यांत तीच तक्रार वेगळ्या शाईत होती.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की कणकवलीत माझं वह्यापुस्तकांचं दुकान आहे. वडलांचं. १९९१पासून गल्ल्यावर मी बसते. पाऊस सरला की टेम्पोत पुस्तकं भरून देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत प्रदर्शनं लावते. २०१६ साली मासळीबाजारावर एक पुस्तकही लिहून बसले. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

प्रश्न : ताई, माझी देवगडला कलमांची बाग आहे. चाळीस वर्षांच्या बागायतीच्या आठवणी लिहिल्या, पुण्याच्या प्रकाशकाने स्वीकारल्या, करारही झाला. परवा त्यांच्याकडून चार पानी माहितीपत्रक आलं. पुस्तक कोण घेईल, ओळखीच्या संस्था कोणत्या, तुम्ही कुठे बोलाल, असले प्रश्न. मला ते अपमानास्पद वाटलं. लिहिणं माझं काम, विकणं त्यांचं. ही पुढे पैसे मागायची तयारी तर नाही ना? (एक वाचक, देवगड)

उत्तर : आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात पाठवली की तुम्ही स्वस्थ झोपता का हो? काल काय दर मिळाला म्हणून दलालाला फोन करता, डागी माल किती धरला म्हणून भांडता, दलालाच्या हिशेबाची पट्टी आली की चष्मा लावून ओळ न् ओळ तपासता. चाळीस वर्षं हे केलंत. मग पुस्तकाची पेटी पुण्याला पोचली की पुढचं आपल्याला काय त्याचं, असं का?

आधी पैशाचं. करारात तुम्ही प्रती विकत घ्यायच्या असं कलम नसेल, तर माहितीपत्रक म्हणजे माहितीपत्रकच. उलट असं पत्रक पाठवणारा प्रकाशक म्हणजे तुमचं नशीब. मला कुणी पाठवलं नव्हतं.

हिशेब एकदा डोळ्यांखालून घाला. पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरा. त्यातले ४० ते ५० टक्के विक्रेता-वितरकाच्या कमिशनात जातात. त्यातलाच एक वाटा माझ्यासारखीचा. तुमचं मानधन १० टक्के असेल तर ३० रुपये ते. पाचशे प्रतींची आवृत्ती काढली तर प्रतीमागे कागद-छपाई-बांधणीचे सत्तर-ऐंशी कुठे गेले नाहीत. उरलेल्या चाळीस ते ऐंशी रुपयांत संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदामाचं भाडं, पार्सल, आणि न खपलेल्या प्रती. यातून तुमच्या एका पुस्तकासाठी माणूस कोकणात पाठवणं प्रकाशकाला परवडत नाही. त्याला पुण्या-मुंबईची दुकानं ठाऊक आहेत. जामसंड्यात कुणाच्या ओट्यावर संध्याकाळी पंधरा बागायतदार जमतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो तेवढंच विचारतोय.

पत्रकातला ‘पुस्तक कोण घेईल’ हा रकाना मन लावून भरा. बहुतेक लेखक तिथे ‘सर्व वयोगटांतील रसिक वाचक’ असं लिहितात. पस्तीस वर्षांत हा इसम माझ्या दुकानात एकदाही आलेला नाही. तुमच्या पुस्तकाला मला दोन गिऱ्हाइकं दिसतात आणि त्यांची वेळ वेगवेगळी आहे. एक, पुण्या-मुंबईत पेटी विकत घेणारा. त्याला आंब्याची ओढ एप्रिल-मेमध्ये. दुसरा, तुमच्यासारखाच बागायतदार. त्याला एप्रिलमध्ये जेवायला वेळ नसतो, तो पुस्तक कुठलं उघडतोय? त्याचं वाचन पावसात, कल्टार, म्हणजे मोहोरासाठी कलमाच्या मुळाशी घालायचं औषध, घालून झालं की. यातलं आपलं गिऱ्हाईक कुठलं ते तुम्ही ठरवून सांगितलंत तर प्रकाशक पुस्तक मार्चअखेर काढायचं की ऑगस्टात ते ठरवील. न सांगितलंत तर त्याच्या छापखान्याला सवड मिळेल तेव्हा निघेल.

तुम्ही किती पेट्या थेट घरपोच पाठवता ते पत्रात लिहिलेलं नाही, पण देवगडातले पुष्कळजण आता पाठवतात. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ‘अस्सल कुठला’ हे गिऱ्हाईकही विचारतं. त्या पेट्यांत पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी टाका : पुस्तकाचं नाव, बागेबद्दल दोन ओळी, किंमत, मागणी कुठे नोंदवायची. चिठ्ठी छापून द्या असं प्रकाशकाला सांगा, तो आनंदाने देईल. ठेवताना पेंढ्याच्या वर, झाकणाखाली ठेवा. खाली गेली तर चिकाचा डाग पडून वाचता यायची नाही. गिऱ्हाइकांचे फोन नंबर मात्र उचलून प्रकाशकाला देऊ नका. ते त्यांनी तुम्हाला आंब्यासाठी दिलेत. प्रकाशनपूर्व सवलतीचा मेसेज तुमच्या फोनवरून तुम्हीच करा.

बागायतदारांसाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि त्यांचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, जिथे रत्ना आणि सिंधू या जाती तयार झाल्या, तिथले मेळावे कधी असतात त्या तारखा पत्रकात लिहा. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभाही लिहा. आणि शेवटी पुस्तक कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहून द्या. अर्पणपत्रिकेला तुम्ही महिना घेतला असेल, या वाक्याला आठवडा तरी द्या. गिऱ्हाईक गल्ल्यावर पुस्तक उलटंपालटं करत असतं तेवढ्यात मला तेच वाक्य बोलायचं असतं.

प्रश्न : माझा पहिला कवितासंग्रह येतोय. प्रकाशक म्हणतात, दोनशे प्रती तुम्ही घ्या, तीच विक्रीला तुमची मदत. घेऊ का? (एक कवयित्री, रत्नागिरी)

उत्तर : २०० रुपये किमतीचा संग्रह, ४० टक्के सवलत दिली तरी दोनशे प्रतींचे चोवीस हजार. ही मदत नाही, भांडवल आहे, आणि भांडवल घालणाऱ्याने भांडवल घालणाऱ्यासारखं बोलावं. एकूण प्रती किती छापणार, बाकीच्या कुठल्या दुकानांत जाणार, हे लेखी घ्या. उत्तर ‘बघू’ असं आलं तर संग्रह आणखी वर्षभर वहीत राहिला तरी कवितांना बुरशी येत नाही. दोनशे प्रतींना येते.

घ्यायच्याच असतील तर तीस घ्या. कविता मुखपृष्ठावर खपत नाही, तोंडाने खपते. तुमच्या उशाशी मालगुंड आहे, केशवसुतांचं स्मारक आहे, कोमसापच्या, म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषदेच्या, शाखा गावोगाव आहेत. वाचनाला जाताना पिशवीत दहा प्रती आणि शंभराच्या सुट्ट्या नोटा ठेवा. तिथे वाचायच्या कविता तीन. चौथीला लोक चहाकडे बघायला लागतात. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राला एक प्रत आणि नीट पत्र पाठवायला सांगा. रेडिओ आता कोण ऐकतो असं म्हणणाऱ्यांनी सकाळी भाजीवाल्यांच्या दुकानांवरून एक फेरी मारावी.

प्रश्न : मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक लिहिलंय. नातेवाईक, सहकारी, शाळा सगळ्यांना भेट द्यावं म्हणते, म्हणजे नाव होईल. किती प्रती वाटाव्यात? (एक शिक्षिका, दापोली)

उत्तर : मी पंच्याऐंशी वाटल्या. करारातल्या दहा संपल्यावर पंच्याहत्तर प्रकाशकाकडून विकत घेऊन वाटल्या. दोन वर्षांनी चुलतभावाकडे गणपतीला गेले, तर माझं पुस्तक शोकेसमध्ये. एका बाजूला काचेचा गणपती, दुसऱ्या बाजूला गोव्याहून आणलेलं शिंपल्यांचं गलबत, मध्ये मी, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. भावाने कौतुकाने विचारलं, “दुसरं कधी काढतेस?”

त्याचं चुकलं नाही. शोभेची वस्तू दिली, त्याने शोभेला ठेवली. ज्यांनी विकत घेतलं असतं अशी निदान चाळीस माणसं मी माझ्याच हाताने गिऱ्हाइकांतून काढून टाकली. पहिल्या महिन्यात कणकवलीच्या एका दुकानात (म्हणजे माझ्याच) पुस्तक जोरात गेलं असतं तर प्रकाशकाने वितरकाला दाखवायला तो आकडा वापरला असता. तो आकडाच तयार झाला नाही. फुकट प्रत कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

तेव्हा घरच्यांना सरळ सांगा, की पुस्तक विकत घ्या, सही मी फुकट देते. भेटप्रती त्यांना द्या जे आणखी पन्नासांना सांगतील, किंवा ज्यांचं पुस्तकाला देणं लागतं. ज्या कोळणींनी मला माशांची नावं सांगितली त्यांना दिलेल्या सहा प्रतींनी मला जेवढी गिऱ्हाइकं दिली, तेवढी उरलेल्या एकोणऐंशींनी नाही.

शाळांचं वेगळं. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळांतून वाचन प्रेरणा दिन असतो आणि मुख्याध्यापक आठवडाभर आधी पाहुणा शोधत असतात. तुम्ही सप्टेंबरातच सांगून ठेवा. त्या दिवशी भाषण नको. एक गोष्ट वाचायला घ्या आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटा. पुढे काय झालं म्हणून पोरं ओरडतील, ओरडू देत. पण शाळेत त्या दिवशी पुस्तक हजर हवं. तारीख ठरल्याबरोबर प्रकाशकाला कळवा, निदान तीन आठवडे आधी. आणि आदल्या दिवशी मुलांकडून घरी चिठ्ठी जाऊ दे. मुलांच्या खिशात ऐनवेळी दहा रुपये असतात, तेही मधल्या सुट्टीतल्या वड्याचे.

प्रश्न : प्रकाशन समारंभ प्रकाशकाने करायचा की मी? आणि अध्यक्ष कोणाला बोलवावं? (एक निवृत्त खलाशी, वेंगुर्ले)

उत्तर : माझा ऐका, मग ठरवा. हौस दांडगी. प्रकाशक म्हणत होते, गणपतीनंतर करू. मी हट्टाने जूनमध्ये घेतला, दुकानात शाळेच्या पुस्तकांना गर्दी असते ती सभागृहात येईल म्हणून. मृगाचा पहिला पाऊस त्याच संध्याकाळी कोसळला. वीज गेली. अध्यक्ष म्हणून एक पुढारी बोलावले होते, ते दीड तास उशिरा आले, महामार्गाच्या चौपदरीकरणावर चाळीस मिनिटं बोलले आणि पुस्तकाचं नाव चुकीचं सांगून निघून गेले. माणसं चोवीस, त्यातली अकरा आमच्या घरची. खपलेल्या प्रती नऊ. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे मी सभागृहाच्या मागच्या खोलीत जमिनीवर ठेवले आणि चार दिवसांनी आणायला गेले. खालच्या गठ्ठ्यातल्या एकवीस प्रतींना हिरवी लव आलेली. कोकणात जून ते सप्टेंबर पुस्तक जमिनीला टेकवू नये. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. हे मी दुकानातल्या पोरांना रोज सांगत होते.

मग ऑक्टोबरात, मासेमारी जोरात सुरू झाल्यावर, मालवणच्या बंदराजवळ एक टेबल टाकलं. अध्यक्ष नाही, दीपप्रज्वलन नाही. संध्याकाळी होड्या लागतात, लिलाव चालतो, त्याच्या जरा बाजूला. टेबलावर तीस पुस्तकं आणि एक प्रत उघडून ठेवलेली. एक म्हातारी कोळीण रिकामी पाटी काखेला लावून थांबली. वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघत होती. एका पानावर बोट ठेवून विचारलं, “ह्या काय लिवलंस?” म्हटलं, सुरमई. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी शिळा मासा विकायला काढलाय. “बाय, सुरमय मुंबयच्या लोकांची. आमची ती इसवण.”

खरं होतं. मला ठाऊकही होतं. पुण्याच्या वाचकाला कळावं म्हणून मी सुरमई ठेवलं होतं. पेन काढून तिच्यासमोर त्या पानावर ‘इसवण’ लिहिलं. ती हसली, कमरेचा बटवा सोडला. “दोन दी. एक चेडवाक धाडतंय.” चेडवाक म्हणजे लेकीला. भोवती माणसं जमलीच होती. मग प्रत्येकाला माझी एकेक चूक काढायची होती, आणि चूक काढायला पुस्तक हातात घ्यावं लागतं. दीड तासात तीसच्या तीस गेली. त्यानंतर मी प्रकाशकाला फोन करून सगळा प्रकार कळवला. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक माशाखाली मालवणी नाव आलं आणि जाहिरातीतही त्यांनी तेच पुढे केलं.

आता तुमचं. समारंभ कोणी का करेना, खर्च कोण करणार ते आधी बोला आणि जागा पुस्तकाला साजेशी घ्या. तुमचं पुस्तक जहाजावरच्या नोकरीचं. वेंगुर्ल्याच्या बंदरावर, दीपगृहाच्या पायथ्याशी, ऊन उतरल्यावर, जुन्या खलाशांना बोलावून. अध्यक्ष हवाच असेल तर ज्याने पुस्तक पूर्ण वाचलंय असा कोणीही. आणि पुस्तकाचं टेबल दाराशी, चहाच्या आधी लागेल असं ठेवा. चहा झाल्यावर कोणी थांबत नाही.

प्रश्न : वाशिष्ठीच्या पुरांवर पुस्तक लिहिलंय. वाचनालयं प्रत मागतात, पण भेट म्हणून. वाचनालयांना विकायचं कसं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ही मोठी पेठ आहे आणि लेखकांना तिची रीत ठाऊक नसते. १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात आणि शासनाचं अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं. त्यातून पुस्तकं घ्यायचीच असतात, आणि घेतल्याचं बिल तपासणीला दाखवायचं असतं. तुम्ही पिशवीतून प्रत काढून ‘घ्या की’ म्हणालात तर ग्रंथपाल ती घेणार कशी? त्याला पक्कं बिल हवं. तेव्हा तुम्ही जाऊन फक्त ओळख करून द्यायची आणि बिल प्रकाशकाने किंवा जवळच्या विक्रेत्याने द्यायचं. खरेदीची खरी घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपताना. तेव्हा लेखक झोपलेला असतो, कारण त्याचा उत्साह दिवाळीतच संपलेला असतो.

ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. पुष्कळ वाचनालयं ती पुढ्यात ठेवून खरेदी करतात. त्यासाठी प्रत पाठवलीत का, एवढं प्रकाशकाला विचारा. विसरतात. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो, तिथे ग्रंथपाल एकगठ्ठा भेटतात. रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारखी १८२८पासूनची संस्था तुमच्या जिल्ह्यात आहे. पुरावरच्या व्याख्यानाला अशा ठिकाणी बोलावणं मिळवणं तुम्हाला जड नाही, प्रकाशकाला जड आहे.

भेट कुणालाच देऊ नका असं म्हणत नाही. जुलै २०२१च्या पुरात ज्या वाचनालयांची कपाटं पाण्याखाली गेली, त्यांना तुमचं पुस्तक फुकटच द्या. त्यांच्याकडून पैसे घेतलेत तर मीच तुमच्याकडे पुन्हा बघणार नाही.

प्रश्न : पुस्तक डिसेंबरमध्ये तयार होतंय, प्रकाशक म्हणतात जानेवारीत काढू. टाळाटाळ ना? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : नाही, शहाणपणा. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार आणि बऱ्याच संस्थांचे पुरस्कार कॅलेंडर वर्षावर चालतात. २८ डिसेंबरचं पुस्तक तीन दिवसांत गेल्या वर्षीचं होतं. थांबा. वाट बघवत नसेल तर एखादं प्रकरण पुढच्या दिवाळी अंकासाठी, प्रकाशकाची संमती घेऊन, पाठवून ठेवा. त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते.

प्रश्न : माझ्या ग्रुपवर मीच निम्म्या किमतीत पुस्तक विकतो. प्रकाशक चिडले. खप वाढवतोय तर चिडायचं काय? (एक तरुण लेखक, सावंतवाडी)

उत्तर : मीही चिडले असते. चिडलेय. काही वर्षांपूर्वी एका लेखकाने माझ्याकडे विक्रीला वीस प्रती ठेवल्या. आठवड्याने ते माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहून, आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला पिशवीतून निम्म्या किमतीत तेच पुस्तक देत होते. वर मला हात करून हसले. त्या वीस प्रती मी त्यांच्या पिशवीत भरल्या आणि पावती दिली.

लेखकाला सवलतीत मिळणाऱ्या प्रती छापील किमतीला, फार तर दुकान देतं तेवढ्याच सवलतीत विका. तुम्ही निम्म्यावर आलात की दुकानदार पुस्तक मागे सरकवतो, आणि वितरक पुढच्या वेळी तुमचं नाव ऐकून प्रती कमी उचलतो. भाव कमी करायचा असेल तर सगळीकडे एकदम, ठरावीक दिवसांसाठी : २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन आहे. प्रकाशकाला पंधरा दिवस आधी सांगा, तो दुकानांना कळवील. ग्रुपवर पुस्तकाची पीडीएफ टाकली नाहीत ना? पत्रात ते लिहिलेलं नाही, म्हणून शंका आली.

प्रश्न : सही केलेली प्रत लांबचे वाचक मागतात. कुरिअर परवडत नाही. (एक वाचक, राजापूर)

उत्तर : जुनं बुकपोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं, पण १ मे २०२५पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय. ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. काउंटरवर नाव घेऊन मागा, नाहीतर साधं पार्सल करून मोकळे होतात. आत प्लास्टिकची पिशवी घालायला विसरू नका.

प्रश्न : प्रकाशकाला किती वेळा फोन करावा? मी दर सोमवारी करते, आता उचलत नाहीत. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : दर सोमवारी “किती खपलं?” विचारत असाल तर मीही उचलला नसता. खपाचा आकडा कराराप्रमाणे वर्षाला किंवा सहा महिन्यांनी यायचा असतो. तो तेव्हा आला नाही तर जरूर भांडा, लेखी भांडा. एरवी फोन करायचा तो काही सांगायचं असेल तेव्हा. मी बंदरावरच्या टेबलानंतर फोन केला आणि म्हटलं, तीस गेल्या, आणि सुरमईचं इसवण करायला हवं. तोवर माझा फोन घेणारा मुलगा “सर मीटिंगमध्ये आहेत” म्हणायचा. त्या दिवशी सर स्वतः फोनवर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : “इसवण म्हणजे कुठला हो मासा? आणि आणखी प्रती कधी पाठवू?”